उजव्या पायाचा फटका : ११ आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

प्रकल्प : फुटबॉलला बुटाच्या लेसवरून सरळ, दमदार फटका मारायला शिकणे. वय ४३. अनुभव शून्याच्याही खाली, कारण चुकीची सवय आधीच लागलेली आहे.

कारण लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढे पळवाट काढता येणार नाही. डिसेंबरात आमच्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या, क्रीडादिनी सामना पेनल्टीच्या टायब्रेकरवर गेला. पाचवा फटका माझ्या वाट्याला आला, कारण बाकीचे सगळे हळूच मागे सरकले होते. मी बॉलला बुटाच्या टोकाने हाणलं. बॉल गोलच्या वरच्या आडव्या बारवरून गेला, कंपाउंडवरून गेला आणि शेजारच्या युनिटच्या भंगारात जाऊन पडला. अंगठ्याचं नख अजून काळं आहे.

मी मूळचा बार्शीचा, क्रिकेटमधला. कोल्हापुरात येऊन १६ वर्षं झाली. या गावात कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडात असतात. १७ वर्षांखालच्या मुलांचा २०१७ चा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपल्या संघात अनिकेत जाधव हा इथलाच मुलगा होता. अशा गावात राहून टोकाने बॉल मारायचा म्हणजे पंढरपुरात राहून टाळ उलटे धरायचे.

लेक ११ वर्षांची. दोन वर्षं प्रशिक्षणाला जाते. तिने क्रीडादिनाचा व्हिडिओ एकदाच बघितला आणि म्हणाली, "बाबा, तू टोने मारतोस. आमच्यात टोने मारलं की सर ग्राउंडला दोन फेऱ्या मारायला लावतात."

उद्दिष्ट : पेनल्टीच्या जागेवरून, म्हणजे ११ मीटरवरून, १० पैकी ७ फटके गोलच्या डाव्या तिसऱ्या हिश्श्यात. वेग ताशी किमान ६० किलोमीटर. गोलकीपर नाही. मुदत रंगपंचमीपर्यंत.

गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. रुंदीचे तीन भाग केले की एक भाग बरोबर २.४४ चा येतो, म्हणजे माझं लक्ष्य हा एक नेमका चौरस आहे. आकडे असे जमले की मला उगाच हुरूप येतो.

७ जानेवारी, मंगळवार

बॉल तपासला. घरातला बॉल लेकीचा, ४ नंबरचा. मोठ्यांचा ५ नंबरचा : घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. नवीन आणला. किचनच्या काट्यावर ४२८ ग्रॅम भरला. (त्या काट्यावर कणीक मोजतात, हे मला नंतर ऐकवण्यात आलं.) नियमात हवेचा दाब ८.५ ते १५.६ पीएसआय. सायकलच्या पंपाने १० भरला. क्रीडादिनाचा बॉल अंगठ्याने दाबला की आत जात होता, पण तो बहाणा मी वापरणार नाही.

१२ जानेवारी, रविवार

पहिलं मोजमाप. घराजवळच्या शाळेचं मैदान, सकाळी पावणेसात. लोखंडी गोल, जाळी नाही, मागे भिंत. बार मध्यभागी सुमारे ३ सेंटीमीटर खाली आलेला आहे. कोणी विचारलेलं नाही, तरी नोंद केली.

वेग मोजायची पद्धत : फोन बाजूला दप्तरावर टेकवून ठेवायचा आणि सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या स्लो मोशनमध्ये चित्रण करायचं. पाय बॉलला लागल्यापासून बॉल गोलरेषा ओलांडेपर्यंतची चित्रं मोजायची. ९५०४ ला त्या आकड्याने भागलं की ताशी किलोमीटर मिळतात (११ गुणिले २४० गुणिले ३.६). डाव्या हिश्श्याच्या मध्यापर्यंतचं तिरकं अंतर खरं तर ११.२७ मीटर होतं, पण ती चूक अडीच टक्क्यांच्या आतली आहे, सोडून दिली.

लेसवरून १० फटके : लक्ष्यात १. बारवरून ६. गोलच्या बाहेर ३. सरासरी २२८ चित्रं, म्हणजे ताशी ४२ किलोमीटरपेक्षा जरा कमीच.

मग मोह झाला म्हणून टोकाने ३ मारले. १९६ चित्रं, ताशी ४८ च्या वर. लेसपेक्षा टोक जोरात जातं! टोकाची सवय का सुटत नाही ते कळलं. नवशिक्याला ते लगेच फळ देतं. बॉल जाईल कुठे, हे मात्र त्याच्या हातात नसतं. बुटाचं टोक निमुळतं आणि बॉल गोल, त्यामुळे स्पर्श बोटभर जरी सरकला तरी दिशा पार बदलते. तिन्ही फटके तीन दिशांना गेले. एक बॉल आणायला गटारात उतरावं लागलं. लेक उतरली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सराव नाही. नखाचा अर्धा भाग सुटून आला.

१८ जानेवारी, शनिवार

बॉल पायाच्या कुठल्या भागाला लागतो हे डोळ्याला कळत नाही. पाय आणि बॉल एकमेकांना साधारण १० मिलिसेकंद चिकटलेले असतात, म्हणजे माझ्या फोनच्या दोन-तीन चित्रांत खेळ खलास. म्हणून कामावरची युक्ती. दोन भाग कुठे घासतात हे बघायला आम्ही एकाला रंग लावतो. इथे शाळेचा खडू ओला करून बॉलच्या अर्ध्या भागावर जाड फासला, बूट काळा.

१२ फटक्यांनंतर बुटावरचे डाग : ७ अंगठ्याच्या आतल्या बाजूला, ४ टोकाजवळ, १ लेसवर. मी मात्र बाराही वेळा "आता लेसवर बसला" असं लेकीला छातीठोकपणे सांगत होतो.

लेसच्या खाली पावलाचं जे कडक हाड लागतं, बॉल तिथे बसायला हवा. त्यासाठी घोटा ताणून बोटं जमिनीकडे करायची, बुटातल्या बुटात बोटं आवळायची आणि फटका पूर्ण होईपर्यंत घोटा तसाच पक्का ठेवायचा. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की बोटं खाली केली की बुटाचं टोक जमिनीवर आपटेल ही भीती वाटते, आणि जिवाच्या आकांताने पाय ऐनवेळी बोटं वर उचलतो. ज्याचं नख नुकतंच गेलंय त्याचा पाय तर जास्तच.

१९ जानेवारी, रविवार

मैदानावर शेजारचे आबा आले होते. वय ७० च्या पुढे. तरुणपणी पेठेच्या संघात हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचे, आता गुडघ्याला पट्टा बांधून फेऱ्या मारतात. माझे चार फटके त्यांनी गुपचूप बघितले, मग म्हणाले, "बूट काढ."

"आबा, नख..."

"म्हणूनच काढ. अनवाणी हाईस म्हटल्यावर टोकानं मारशील व्हय?"

काढले. दोन पावलांवरून हळू मारायला लावलं. खरंच, अनवाणी पाय टोकाने मारायला धजत नाही. त्याला आपोआप कळतं की इथे दुखेल, इथे नाही. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला बॉल पावलाच्या वरच्या सपाटीवर बसला आणि पहिल्यांदा काहीच दुखलं नाही. आबा म्हणाले, आमच्या वेळी बूट म्हणजे लग्नात सुद्धा मिळायचे नाहीत, सगळे असेच शिकले. यात अतिशयोक्ती असेल, पण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू फ्रान्सविरुद्ध अनवाणीच उतरले होते. सामना १-२ असा गेला, तोही आपल्या दोन पेनल्टी हुकल्यावर. पेनल्टी हुकवण्यात मी तसा एकटा नाही.

जाताना आबा एक वाक्य टाकून गेले : "तू उजव्या पायाचा लई लाड करतोस. डावा सावत्र हाय काय?"

म्हणजे दोन्ही पायांनी मारायला शिक, असं म्हणत असावेत. पुढचा टप्पा म्हणून लिहून ठेवतो. सध्या उजवा.

२२ जानेवारी, बुधवार

गच्चीवर, बॉल जाळीच्या पिशवीत घालून दोरीने टांगला. जमिनीपासून चार बोटं वर. त्यामुळे टोक आपटायची भीती गेली. रोज ४० हलके फटके, फक्त घोट्यासाठी. खडूचे डाग आता ४० पैकी २५ तरी लेसवर आहेत.

घोटा का आवळायचा, याचं उत्तर कामावर मिळालं. दांडा ढिला झालेला घण कितीही जोरात हाणा, निम्मा जोर दांड्यातच मुरतो. चांगल्या खेळाडूंचा बॉल त्यांच्या पायाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने सुटतो, साधारण १.२ पट. पाय जड, बॉल हलका, म्हणून ते शक्य होतं. पण घोटा लुळा पडला की ती वाढ पावलाच्या लटपटण्यात जाते.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर मैदान मोकळं होतं. उत्साहात ६० फटके. डाग लेसवर, आवाजही बरा. पण १० पैकी ६ अजून बारवरूनच! स्पर्श सुधारला तरी बॉल वरच चाललाय. वाकून मारा, असं लेक ओरडत होती. वाकलो. वाकल्यावर बॉल उजवीकडे बाहेर गेला.

२९ जानेवारी, बुधवार

उजव्या जांघेत कळ. गाडीवर टांग टाकताना जास्त. फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या विचारत होत्या, सुरुवातीला अंग गरम करता का? मी म्हटलं, चहा पिऊन जातो. त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं.

१० दिवस फटका बंद. फटका मारताना मांडी आधी मागे ताणली जाते आणि तशीच एकदम पुढे ओढली जाते, म्हणून मांडीचा पुढचा स्नायू आणि जांघ दोन्ही दुखावतात. तिशीनंतर तर हमखास. नियम ठरवला : १२ मिनिटं हलकं धावणं, पाय झुलवणं, बाजूची पावलं, मग पहिले दहा फटके अर्ध्या जोराचे. एका दिवसात ३० च्या वर फटके नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार

शाहू स्टेडियमवर सामना बघायला गेलो. शिकायला म्हणून गेलो आणि अर्धा वेळ गॅलरीच बघत बसलो. मागच्या ओळीतला एक मुलगा प्रत्येक हुकलेल्या फटक्यावर "अंग मागं टाकलं की!" असं ओरडत होता. दर वेळी त्याचं बरोबर होतं. अंग मागे का पडतं, हे मात्र तो सांगत नव्हता. खरं तर दोष दिसला की त्यामागचं कारण शोधणं, हेच फाउंड्रीत माझं काम आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद लांब होणार.

नेहमी मी फोन उजव्या बाजूला ठेवतो. मारणारा पाय उजवा, तो स्पष्ट दिसावा म्हणून. आज उजवीकडे क्रिकेटवाल्या पोरांनी स्टंप रोवले होते, म्हणून दप्तर डावीकडे ठेवलं. जांघेची परीक्षा म्हणून सहाच फटके, अर्ध्या जोराचे. ४ बारवरून.

घरी व्हिडिओ लावला. चार आठवडे मी जे बघत होतो, त्यात उजव्या पायाआड झाकला गेलेला डावा पाय आज पहिल्यांदा पूर्ण दिसला. तो बॉलच्या शेजारी नव्हताच. बॉलच्या मागे, चांगला वीतभर मागे टेकला होता. वर त्याचं टोक गोलकडे नाही, उजवीकडे कॉर्नरच्या झेंड्याकडे.

मग बाकीचं आपोआप उलगडत गेलं. डावा पाय मागे राहिला की बॉल लांब पडतो. लांबच्या बॉलपर्यंत उजवा पाय न्यायचा तर अंग मागे टाकावंच लागतं. अंग मागे गेलं की पाऊल वर चढता चढता बॉलला लागतं, तेही मध्याच्या खाली. बॉल बारवरून. २६ तारखेला मुद्दाम वाकलो तर बॉल उजवीकडे गेला, कारण पायाचं टोक उजवीकडे, म्हणून खुबाही उजवीकडे, म्हणून फटकाही उजवीकडे. मी दर वेळी मारणाऱ्या पायाची तपासणी करत होतो आणि दोष त्याच्या एक पाऊल आधी घडून गेलेला होता.

रोज सकाळी मी हेच दुसऱ्यांना सांगतो. कास्टिंगवर, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागावर, फुगा दिसला की नवीन पोरगा ओतणाऱ्याला दोष देतो, कारण फुगा ओतल्यावर दिसतो. मी त्याला साच्याच्या वाळूकडे नेतो. वाळूत ओल जास्त होती, त्याची वाफ झाली, ती धातूत अडकली. दोष दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे, हे वाक्य मी १६ वर्षांत किती वेळा म्हटलं असेल! आणि स्वतःचा फोन मात्र चार आठवडे ओतणाऱ्याच्या बाजूला लावून ठेवला होता.

आबांचं वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचलं. ते डाव्या पायाने मारायला सांगत नव्हतेच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी आबांना गाठून विचारलं. म्हणाले, "मग? मी काय मोडीत बोललो हुतो?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वेळ काढून पद्धतशीर तपासणी. मैदानाच्या माळ्याकडून थोडी फक्की घेतली. बॉलच्या डाव्या बाजूला तीन आडव्या रेषा : एक बॉलच्या मध्याच्या रेषेत, एक वीतभर मागे, एक वीतभर पुढे. प्रत्येक रेषेवर डावा पाय टेकवून ८ फटके, दोन पावलांवरून, अर्ध्या जोराचे.

मागच्या रेषेवर : ८ पैकी ६ उंच. पुढच्या रेषेवर : सगळे जमिनीत, टप्पे खात गेले, त्यातला एक तर मी जवळजवळ स्वतःच्याच टाचेवर मारला. मधल्या रेषेवर : ५ गुडघ्याच्या उंचीवर सरळ, २ उंच, १ वाया.

मग बाजूचं अंतर. बॉलला चिकटून पाय टेकवला तर उजव्या पायाला झुलायला जागाच राहत नाही. दोन विती लांब टेकवला तर अंग डावीकडे कलंडतं आणि पाय आडवा फिरतो. बॉल आणि पाय यांच्यामध्ये आणखी एक बूट बसेल इतकी जागा मला मानवली. उंच माणसाला जास्त लागत असेल.

डाव्या पायाचं टोक लक्ष्याकडे, आणि गुडघा किंचित वाकलेला. ताठ गुडघ्यावर टेकवलं तर धक्का थेट कमरेत जातो. हे तिसऱ्याच फटक्याला समजलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोजमाप. १० फटके : लक्ष्यात ४, गोलमध्ये पण लक्ष्याबाहेर ३, बारवरून २, बाहेर १. सरासरी १८६ चित्रं, म्हणजे ताशी ५१ किलोमीटर. टोकाने मारलेल्या फटक्याला लेसने मागे टाकलं. मी पायात जास्त जोर लावलेला नाही, हे विशेष. जांघेच्या भीतीने कमीच लावला होता.

लेकीने तिच्या भाषेत शेरा दिला : "आता जरा माणसासारखं दिसतंय."

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. मैदान आणि रस्ते दोन्ही भरलेले. गच्चीवर खडूने बॉलचं वर्तुळ आणि डाव्या बुटाचा ठसा काढला. बॉल न ठेवता फक्त चालत येऊन डावा पाय ठशावर टेकवायचा, उजवा झुलवायचा. १०० वेळा. खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकलं गेलं. उरलेले ४० चवड्यावर.

२३ फेब्रुवारी, रविवार

नवीन दोष. डावा पाय नेमका टेकवायच्या नादात मी बॉलजवळ येऊन चिमणीसारखी छोटी छोटी पावलं टाकतो. पाय जागेवर पडतो, पण तोवर धावण्याची गती संपलेली असते. ताशी ४६. मागे गेलो.

उपाय लेकीच्या सरांनी सांगितला (फी न घेता, फाटकात उभ्या उभ्या) : पावलं पुढून मागे मोजायची. आधी फटक्याच्या स्थितीत उभं राहायचं, डावा पाय ठशावर. तिथून उलटं चालत मागे जायचं, शेवटचं पाऊल मोठं, त्याआधीचं मध्यम, त्याआधीचं छोटं. जिथे थांबलात तिथून सुरुवात. क्रिकेटमधला गोलंदाज रनअप असाच आखतो! बार्शीत १५ वर्षं मध्यमगती टाकलेल्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावं लागलं.

शेवटचं पाऊल मोठं पडलं की उजवा पाय आपोआप मागे राहतो, टाच कुल्ल्याकडे जाते. धनुष्य ताणल्यासारखं. पूर्वी मी पाय मुद्दाम मागे न्यायचो. आता तो मागे राहतो. फरक सांगता येत नाही, पण मांडीला कळतो.

२ मार्च, रविवार

बॉलकडे यायचा कोन. आजपर्यंत सरळ मागून येत होतो. सरळ आलं की खुबा वळत नाही, पाय दाराच्या आगळीसारखा नुसता पुढे-मागे होतो. फार आडवं, काटकोनात आलं तर पाय बॉलला कापत जातो आणि बॉल फिरत सुटतो. ३० ते ४५ अंशांच्या मधून येणं बरं पडतं. उजव्या पायाने मारणाऱ्याने बॉलच्या मागे, डावीकडून यायचं. फक्कीने मैदानावर कोन आखला. माळी म्हणाला, साहेब, ही फक्की कबड्डीच्या स्पर्धेची आहे.

स्लो मोशनमध्ये एक गंमत दिसली. आधी खुबा पुढे येतो, मग मांडी, मग नडगी. नडगी सगळ्यात वेगात असते तेव्हा मांडी जवळजवळ थांबलेली असते. आसूडाच्या मुठीला झटका देऊन थांबवलं की टोक कडाडतं, तसंच. त्यामुळे "जोरात मार" म्हणून मांडी आवळून धरणारा माणूस स्वतःच्याच नडगीला अडवतो. मी दोन महिने तेच करत होतो.

डावा हात बाजूला पसरायचा, हेही आज जमलं. नाहीतर अंग उजव्या पायाबरोबर पूर्ण फिरून जातं. जुन्या व्हिडिओत माझा डावा हात पँटच्या खिशाजवळ चिकटलेला आहे, जणू पाकीट सांभाळतोय.

९ मार्च, रविवार

सातवा फटका.

कसं लिहू? पायाला काही लागलंच नाही असं वाटलं. आवाज वेगळा आला, 'धप' नाही, भरलेल्या माठावर बोट मारल्यासारखा. बॉल जमिनीपासून हातभर उंचीवरून न फिरता गेला आणि मागच्या भिंतीवर आपटून जवळजवळ पेनल्टीच्या जागेपर्यंत परत आला. क्रिकेटवाली पोरं वळली. मीही मागे वळून बघितलं, आणखी कोणी मारला की काय म्हणून.

१५८ चित्रं. ताशी ६० ला टेकला. मोठ्या खेळाडूंचे फटके ताशी १०० च्या पुढे जातात, त्या मानाने हे काहीच नाही. पण मी तो फटका रात्री जेवताना, जेवल्यावर आणि झोपण्याआधी बघितला. बायको म्हणाली, लग्नाची कॅसेट एवढ्या वेळा बघितली नाहीस.

चित्र थांबवून बघितलं : डावा पाय बॉलच्या रेषेत, टोक लक्ष्याकडे, गुडघा बॉलच्या वर, नजर खाली. फटक्यानंतर मी उजव्याच पायावर, पुढे उतरलोय. अंग मागे पडलं असतं तर हे शक्यच नव्हतं.

उरलेले तीन फटके त्याची नक्कल करायच्या नादात वाया.

१६ मार्च, रविवार

१० पैकी २. जोर लावत होतो. ६० दिसल्यापासून ७० ची हाव सुटली आहे. मान वर करून बॉल कुठे जातो ते बघत होतो, त्यामुळे डावा पाय पुन्हा मागे. लवकर घरी आलो.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी, म्हणजे मुदत संपली. मैदान हिरवं, गुलाबी, निसरडं. अंतिम चाचणी रविवारी. मुदतवाढीचं कारण : रंग. कामावर पुरवठादाराने असं कारण दिलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

२३ मार्च, रविवार

अंतिम चाचणी. हवा १० पीएसआय. फोन डावीकडे. गोलच्या तिसऱ्या हिश्श्यावर बारपासून लेकीची जुनी ओढणी लोंबती सोडली, म्हणजे वाद नको. पंच : लेक. प्रेक्षक : आबा, कठड्यावर.

१ : लक्ष्यात.
२ : लक्ष्यात, टप्पा खाऊन.
३ : ओढणीच्या उजवीकडे.
४ : लक्ष्यात.
५ : बारवरून. डावा पाय मागे, पडतानाच कळलं. याआधी व्हिडिओ बघितल्याशिवाय कळत नव्हतं.
६ : लक्ष्यात. १५२ चित्रं, ताशी साडेबासष्ट, आजवरचा सर्वाधिक.
७ : लक्ष्यात.
८ : बाहेर. आबा शिंकले. फटका पुन्हा द्या म्हटलं, पंचांनी नाकारलं.
९ : लक्ष्यात.
१० : बारला लागून खाली आदळला, रेषेवर की रेषेच्या आत ते फोनमधून दिसत नाही, कारण फोन पेनल्टीच्या बाजूला होता.

माझं म्हणणं, बार सरळ असता तर तो आत गेला असता. १२ जानेवारीची नोंद काढून दाखवली : मध्यभागी ३ सेंटीमीटर खाली. पंच म्हणाल्या, बॉल मध्यभागी लागलाच नाही, ओढणीच्या अलीकडे लागला, तिथे बार एवढा खाली नाहीये. टेप आणून मोजलं. तिथे १ सेंटीमीटर.

आबांनी कठड्यावरून हात हलवला, म्हणजे त्यांचंही तेच मत.

सरासरी वेग ताशी ६०.४. लक्ष्यात ६.